मूसच्या शिकारीची रायफल आणि गोळी: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

स्वीडनच्या उत्तर भागात मूसची शिकार सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी सुरू होते, दक्षिणेत ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी. नॉर्डिक देशांत आणि कॅनडात स्थायिक झालेली आपली बरीच मंडळी आता शिकारीची परीक्षा देऊन गावच्या गटात सामील होत आहेत. हंगाम जवळ आला की पत्रांचा ढीग लागतो. त्यातले सगळ्यांच्या उपयोगाचे प्रश्न इथे घेतले आहेत. (मराठीत मूस म्हणजे सोनाराची, धातू वितळवायची. इथला मूस म्हणजे हरणांच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी. स्वीडिशमध्ये त्याला ‘एल्य’ म्हणतात.)

प्रश्न : शिकारीची परीक्षा पास झालो. ऑक्टोबरमध्ये दक्षिण स्वीडनच्या स्मोलांडमधल्या एका गटाबरोबर पहिल्यांदा जायचे आहे. गटातले म्हातारे म्हणतात ६.५×५५ घे, तरुण म्हणतात .३०८ घे, दुकानदार .३०० मॅग्नम दाखवतो आणि शेजारी ९.३×६२ शिवाय बोलत नाही. एकच रायफल घ्यायची आहे. कोणती घेऊ? — एक वाचक, गोटेबोर्ग

आधी नावे: ६.५×५५ म्हणजे साधारण ६.५ मिमी जाडीची गोळी आणि ५५ मिमी लांबीचे काडतुसाचे नळकांडे, .३०८ म्हणजे गोळीची इंचांतली जाडी, मॅग्नम म्हणजे जास्त दारूचे, वेगवान काडतूस. आता कायद्याची चौकट पाहू. स्वीडनमध्ये मूससाठी ‘क्लास १’चे काडतूस लागते. गोळी फुलणारी, म्हणजे आदळल्यावर रुंद होणारी हवी. तिचे वजन किमान ९ ग्रॅम असेल तर १०० मीटरवर ऊर्जा किमान २७०० जूल हवी. वजन १० ग्रॅम किंवा जास्त असेल तर २००० जूल पुरतात. हे आकडे काडतुसाच्या डब्यावर छापलेले असतात. ग्रेनमधले वजन ग्रॅममध्ये आणायला १५.४३ ने भागा: १५६ ग्रेन म्हणजे १०.१ ग्रॅम, १८० ग्रेन म्हणजे ११.७ ग्रॅम.

तुम्ही सांगितलेली चारही काडतुसे या चौकटीत बसतात. ६.५×५५ हे १८९४ चे काडतूस आहे आणि १०.१ ग्रॅमच्या लांब गोळीमुळे आजही चालते. म्हणजे म्हातारे चुकीचे सांगत नाहीत. ९.३×६२ हे जर्मन बंदूकसाज ओटो बॉक यांनी १९०५ मध्ये बनवले. त्याची १८.५ ग्रॅमची गोळी मूसच्या फऱ्यातून सहज आरपार जाते. .३०-०६ हे १९०६ चे, .३०८ हे १९५२ चे. एकही काडतूस वाया जाणारे नाही, त्यामुळे निवड करायची ती तुमच्या खांद्यावरून.

रायफल दुर्बिणीसकट ३.६ किलोची धरली तर हिशेबाने धक्क्याची ऊर्जा साधारण अशी येते: ६.५×५५ ला १९ जूल, .३०८ ला २३, .३०-०६ ला २८, .३०० विंचेस्टर मॅग्नमला ३९ आणि ९.३×६२ ला ४२. नव्या माणसाला पंचविशीच्या आसपासचा धक्का सरावाने सोसतो. चाळिशीच्या पुढे बहुतेक जण घोडा दाबायच्या आधीच खांदा आवळतात, डोळे मिटतात आणि गोळी अर्धा हात खाली जाते. त्यातही मॅग्नमचा धक्का तीक्ष्ण, झटक्याचा. ९.३ चा तेवढाच आकडा ढकलल्यासारखा लागतो, म्हणून जुने शिकारी त्याची तक्रार करत नाहीत.

स्मोलांडच्या जंगलात कुत्र्यांनी उठवलेला मूस तुमच्या समोरून जातो तो तीस ते शंभर मीटरवरून. तिथे मॅग्नमचा वेग कामाला येत नाही, उलट फऱ्याचे दोन-चार किलो मांस काळेनिळे करतो. आमचा सल्ला: .३०८ घ्या. जाल तिथे त्याची काडतुसे मिळतात, सरावाला स्वस्त पडतात आणि नळी ५१ सेंटिमीटरची असली तरी वेग फारसा कमी होत नाही. त्यामुळे पुढे आवाजरोधक लावला तरी रायफल झाडीत अडकत नाही. .३०-०६ स्वस्तात आणि चांगल्या अवस्थेत मिळाली तर तीही आनंदाने घ्या. या दोघींतला फरक मूसला कळणार नाही.

रायफलीवर कमी खर्च करा आणि दुर्बीण व सरावासाठी पैसे राखा. फिनलंडच्या रिइहीमॅकीत बनणारी टिक्का टी३एक्स हलकी आहे, घोडा स्वच्छ सुटतो आणि डावखुऱ्यांसाठीही मिळते. मात्र ती रिकामी तीन किलोच्या आसपास असते. हलकी रायफल खांद्यावर वाहायला सोपी, पण बार काढताना तोच हलकेपणा धक्का वाढवतो. ३.६ ची ४.२ किलो झाली तर धक्का सातव्या हिश्शाने कमी होतो. आणि स्वीडनमध्ये परवान्याच्या अर्जाबरोबर बंदूक ठेवायच्या, एसएस ३४९२ मानकाच्या मजबूत कपाटाची सोय करावी लागते, तो खर्च आधीच धरा.

प्रश्न : दुकानात .३०८ च्या अकरा-बारा प्रकारच्या गोळ्या होत्या. किंमत दुप्पट-तिप्पट. खरंच एवढा फरक असतो? स्वस्त घेतली तर काय बिघडेल? — एक वाचक, लिनशॉपिंग

फरक असतो. आमच्या मते मूसच्या शिकारीत काडतुसाच्या आकारापेक्षा गोळीच्या बांधणीचा फरक मोठा. आधीच्या पत्रातला वाद आम्ही थोडक्यात मिटवला तो याचसाठी.

साधी शिकारी गोळी म्हणजे शिशाचा गाभा आणि वर तांब्याचे पातळ कवच. टोकाला शिसे उघडे असते किंवा प्लॅस्टिकचे टोक असते. आदळल्यावर टोक दबून गोळी छत्रीसारखी फुलते आणि रुंद मार्ग पाडत जाते. रो-हरणासारख्या वीस-पंचवीस किलोच्या प्राण्याला ती पुरते. मूसचा नर चारशे-पाचशे किलोचा. त्याच्या फऱ्याच्या हाडावर हलकी आणि वेगवान साधी गोळी आदळली की कवच सुटते, गाभा चिंधड्या होऊन पहिल्या वीतभरात थांबतो. बाहेर मोठी जखम दिसते, फुप्फुसे मात्र शाबूत. असे जनावर दिवसभर चालते आणि रात्री कुठेतरी मरते. स्वस्त गोळीने बिघडते ते हे.

१९४६ मध्ये अमेरिकी शिकारी जॉन नोस्लर यांना ब्रिटिश कोलंबियात चिखलाने माखलेल्या मूसबाबत हाच अनुभव आला. गोळ्या बाहेरच फुटत होत्या. त्यांनी गोळीच्या मधोमध तांब्याची आडवी भिंत ठेवली: पुढचा अर्धा भाग फुलतो, भिंतीमागचा भाग अखंड राहून आत शिरतो. ‘पार्टिशन’ नावाने ती १९४८ पासून विकली जाते आणि आजही पहिल्या पसंतीत आहे. दुसरी तऱ्हा, गाभा कवचाला रासायनिक रीतीने चिकटवलेला, म्हणजे ‘बाँडेड’. नॉर्माची ओरिक्स या जातीची. स्विफ्टच्या ए-फ्रेममध्ये भिंत आणि चिकटवणे दोन्ही आहे. तिसरी तऱ्हा शिसे नसलेली, अख्खी तांब्याची किंवा तांब्याच्या मिश्रधातूची: बार्न्स टीटीएसएक्स, लापुआ नॅचुरालिस, नॉर्मा इकोस्ट्राइक, हॉर्नेडी सीएक्स. ही फुलते, तरी जवळजवळ पूर्ण वजन राखते आणि बहुतेक वेळा पलीकडून बाहेर पडते. बाहेर पडलेल्या भोकातून रक्त सांडते आणि माग काढता येतो. मूसच्या जाड केसांत आणि चरबीत आत शिरण्याचे छोटे भोक लगेच बुजते, म्हणून दुसरे भोक हवेच.

तांब्याच्या गोळीच्या तीन अडचणी आहेत. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. म्हणून .३०८ मध्ये १८० ग्रेनऐवजी १५० ते १६५ ग्रेनची घ्यावी. १५० ग्रेन म्हणजे ९.७ ग्रॅम, तेव्हा डब्यावर २७०० जूलचा आकडा तपासा. ६.५ मध्ये तांब्याच्या गोळ्या सर्रास १२० ग्रेनच्या आसपास, म्हणजे ७.८ ग्रॅमच्या असतात. त्या ९ ग्रॅमच्या खाली राहतात, म्हणून ६.५ वाल्यांनी विकत घेण्याआधी त्या वर्षीचा नियम वाचावा. दुसरी अडचण, तांबे फुलायला वेग लागतो. साधारण साडेपाचशे ते सहाशे मीटर प्रतिसेकंदाच्या खाली ती नीट फुलत नाही आणि पेन्सिलीसारखी आरपार जाते. नेमका आकडा बनवणाऱ्याच्या तक्त्यात असतो. तिसरी, शिशाच्या गोळ्यांनी माखलेल्या नळीतून तांब्याची गोळी सरळ जात नाही. आधी नळी तांबे काढणाऱ्या द्रवाने पांढरी चिंधी निळी निघायची थांबेपर्यंत साफ करा आणि मग नव्याने नेम बसवा.

शिशाचा मुद्दा ताटातही येतो. फुटलेल्या शिशाचे डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून लांबवर मांसात पसरतात. स्वीडनच्या अन्न प्रशासनाचा सल्ला असा की दिसणारा खराब भाग कापून वर आणखी दहा सेंटिमीटर मांस काढून टाकावे. लहान मुले आणि गरोदर बायका घरात असतील तर आम्ही तांब्याच्याच गोळीचा आग्रह धरू. डेन्मार्कने २०२४ च्या एप्रिलपासून रायफलीच्या शिसेयुक्त गोळ्यांनी शिकार करणे बंदच केले.

पूर्ण कवचाची, म्हणजे लष्करी धाटणीची न फुलणारी गोळी सरावापुरतीच. तिने मूस मारणे बेकायदा आहे आणि क्रूरही.

प्रश्न : माझी उंची १५७ सेंमी. परीक्षेच्या वेळी रायफलीने खांदा निळा केला आणि दुर्बीण भुवईवर आदळली. आता हातात धरायचीही भीती वाटते. मी नाद सोडावा का? — एक वाचक भगिनी, उप्साला

नाद सोडू नका, ताई. ती रायफल तुमच्या मापाची नव्हती.

दस्त्याची लांबी म्हणजे घोड्यापासून मागच्या रबरी गादीपर्यंतचे अंतर. बाजारातल्या रायफली साधारण ३६ सेंटिमीटरच्या येतात. तुमच्या उंचीला ३२ ते ३३ बसेल. घरी मोजायची रीत: रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करा, कोपर काटकोनात वाकवा, दस्ता कोपराच्या आतल्या खळगीला टेकवा आणि तर्जनी घोड्याकडे न्या. बोटाचे पहिले पेर सहज घोड्यावर आले तर माप बरोबर. पेर पोचायला खांदा पुढे काढावा लागला तर दस्ता लांब आहे. आणि हे माप शिकारीच्या जाड कोटात घ्या. उन्हाळ्यात टी-शर्टवर बसवलेला दस्ता ऑक्टोबरमध्ये एक-दीड सेंटिमीटरने लांब होतो, हे फार लोक विसरतात.

लांब दस्त्यामुळेच तुमची दुर्बीण लागली. मान पुढे ताणून गाल पुढे सरकवल्याने डोळा काचेजवळ गेला. डोळा आणि काच यांत आठ-नऊ सेंटिमीटर हवेत. दस्ता बंदूकसाजाकडून कापून घ्या, किंवा गादीमागे पट्ट्या घालून कमी-जास्त होणारा दस्ता घ्या. मग दुर्बीण रिंगांमध्ये मागेपुढे सरकवून अंतर बसवा. गालाखालचा आधार उंच-सखल होत असेल तर उत्तम. डोळे मिटून गाल टेकवा, मग उघडा: पूर्ण गोल चित्र दिसले पाहिजे, कडेला काळी कोर नको.

काडतूस ६.५×५५, वर आवाजरोधक. आवाजरोधकाने धक्का चौथाईच्या आसपास कमी होतो, पण खरा लाभ आवाजाचा. दचकायला होते ते निम्मे आवाजानेच. सराव हलक्या धक्क्याच्या .२२ रायफलीने सुरू करा, पन्नास गोळ्या, मगच मोठी रायफल, तीही एका दिवशी दहा-बारा बारांहून जास्त नाही. मैत्रिणीला मॅगझिन भरायला सांगा आणि त्यात मधेच एखादे नकली काडतूस घालू द्या. ते आल्यावर नळीचे टोक खाली झुकले तर दचकणे अजून शिल्लक आहे.

प्रश्न : नॉर्वेत दर वर्षी नेमबाजीची चाचणी द्यावी लागते. गेल्या वर्षी पाचपैकी दोन गोळ्या बाहेर गेल्या. दुर्बीण कशी लावावी, नेम कसा बसवावा, किती काडतुसे घ्यावीत? — एक वाचक, ओस्लो

नॉर्वेची चाचणी १०० मीटरवर, पाच बार, सगळे तीस सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात, आणि त्याआधी तीस बारांचा नोंदवलेला सराव. वर्तुळ परातीएवढे आहे. गोळ्या त्याबाहेर जात असतील तर दोष रायफलीत नसून दुर्बिणीच्या स्क्रूत किंवा घोडा ओढण्यात असतो, हे जवळजवळ नक्की धरा.

स्क्रूपासून सुरू करा. रिंगांचे स्क्रू बहुधा २ ते २.५ न्यूटन-मीटरला आवळायचे असतात, मोजमापी पान्याने, कोपऱ्याकोपऱ्याने. हाताच्या अंदाजाने आवळले तर एक ढिला राहतो आणि दुसऱ्याखाली दुर्बिणीची नळी चेपते. तळपट्टीचे आणि दस्त्याचे स्क्रू पुस्तिकेतल्या आकड्याला. दस्त्याचा पुढचा स्क्रू ढिला असला की गोळ्या उभ्या रेषेत पसरतात, ही खूण लक्षात ठेवा.

मग वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवा, आधार दस्त्याखाली, नळीखाली कधीच नाही. बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा सरकता दांडा, काढून नळीतून थेट लक्ष्य पाहा आणि दुर्बीण त्याच बिंदूवर आणा, म्हणजे पहिली गोळी कागदावर लागेल. पहिले तीन बार २५ मीटरवर, नंतर १०० वर तीन-तीनचे गट, मधे नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. एका गोळीवरून दुर्बिणीची नेम बदलायची कळ फिरवू नका, तिघींचा मध्य पाहा. कळीवर १ सेंटिमीटर लिहिले असेल तर मध्य पाच खाली आणि तीन डावीकडे असल्यास पाच टिचक्या वर, तीन उजवीकडे. पाव मिनिटाची दुर्बीण असेल (हे मिनिट कोनाचे, अंशाचा साठावा भाग) तर १०० मीटरवर एक टिचकी म्हणजे ७ मिलिमीटर, तेव्हा पाच सेंटिमीटरला सात टिचक्या.

शेवटी १०० वर चार सेंटिमीटर वर ठेवा. .३०८ किंवा .३०-०६ तेव्हा दीडशे मीटरच्या पुढेपर्यंत मूससाठी सरळ नेमाने चालते, वर-खाली धरायची गरज नाही. चाचणीतही चार सेंटिमीटरने काही बिघडत नाही.

दुर्बीण हाक्याच्या शिकारीला १–६×२४ ची (एक ते सहापट मोठे चित्र, पुढची काच २४ मिमीची), मचाणावर संध्याकाळी बसायचे असेल तर २–१२×५० ची. हाक्याला जाताना चित्र मोठे करायची कळ सर्वांत खालच्या आकड्यावर ठेवा. दहापट मोठ्या चित्रात चाळीस मीटरवरचा मूस म्हणजे नुसता तपकिरी केसांचा पडदा, कुठला भाग ते कळत नाही.

काडतुसे शिकारीच्याच गोळीची शंभर घ्या, म्हणजे वीस-वीसचे पाच डबे, आणि सगळ्यांवरचा लॉट क्रमांक एकच असू द्या. वीस नेम बसवायला, पन्नास-साठ उभ्याने आणि बसून सरावाला, वीस हंगामाला. लॉट बदलला की तीन बार काढून तपासा.

प्रश्न : नेम कुठे धरायचा, आणि बार काढल्यावर जनावर पडलेच नाही तर? — एक वाचक, हॅर्नोसांड

या पत्राला सगळ्यांत जास्त जागा द्यावीशी वाटते.

शक्यतो मूस आडवा उभा असेल तेव्हाच बार काढा. पुढच्या पायाच्या मागच्या कडेने नजर वर न्या. धडाच्या उंचीचा खालचा तिसरा हिस्सा संपतो तिथे थांबा. त्यामागे दोन्ही फुप्फुसे आणि किंचित खाली हृदय. इथे नवखा माणूस फार वेळा वर मारतो, आणि त्याला कारण मूसची पाठच. खांद्यावरचा उंचवटा म्हणजे कण्याचे लांब काटे आणि केस. डोळा तो उंचवटा धडात मोजतो आणि धडाचा मध्य वर सरकतो. काट्यांना लागलेली गोळी जनावराला वीज पडल्यासारखी खाली पाडते. शिकारी उठतो, रायफल झाडाला टेकवतो, आणि मिनिटभरात मूस उठून निघून जातो. म्हणून पडले तरी बोल्ट लगेच मागेपुढे करून दुसरे काडतूस नळीत आणा आणि नेम धरून ठेवा.

जनावर तिरपे, तोंड तुमच्यापासून दूर असेल तर पलीकडच्या पुढच्या पायाची रेषा मनात धरा. फार तिरपे असेल, पाठमोरे असेल किंवा समोरासमोर असेल तर सोडून द्या. डोके आणि मान नको. मेंदू मुठीएवढा आणि डोके सतत हलते. जबडा तुटलेला मूस उपाशी मरतो.

धावत्या मूसचा हिशेब: दुडक्या चालीने सेकंदाला पाच मीटर, ८० मीटरवर .३०८ ची गोळी सेकंदाच्या सुमारे नवव्या हिश्शात पोचते, म्हणजे तेवढ्यात मूस अर्ध्या मीटरहून जास्त पुढे गेलेला असतो. रायफल त्याच्या बरोबर फिरवत नेम छातीच्या पुढच्या कडेवर न्या आणि घोडा दाबतानाही फिरवणे थांबवू नका. थांबवले की गोळी पोटात. स्वीडनच्या मैदानांवर धावत्या मूसचे लक्ष्य ८० मीटरवरच असते. तिथे शंभर बार काढल्याशिवाय धावत्यावर नेम धरू नका. मादी आणि पाडस बरोबर असतील तर आधी पाडस, कधीही आधी आई नाही. आणि बाराच्या आधी जनावरामागे काय आहे ते पाहा. मागे माती, उतार, दलदल हवी. टेकडीच्या कडेवर आकाशाच्या पटावर उभ्या मूसवर बार नाही. रायफलीची गोळी चार-पाच किलोमीटर जाऊ शकते.

आता तुमचा खरा प्रश्न. फुप्फुसांतून गोळी गेलेला मूससुद्धा पुष्कळदा काही झालेच नाही असा पन्नास-शंभर मीटर चालत जातो, मग डुलतो आणि कोसळतो. बार चुकला असे म्हणून मचाणावरून उतरू नका. तो कुठे उभा होता, कुठल्या झाडाआड गेला ते मनात पक्के करा, घड्याळ पाहा, वायरलेसवर गटप्रमुखाला कळवा आणि अर्धा तास जागेवर थांबा. मागे लागलेला जखमी मूस भीतीने कित्येक किलोमीटर जातो. तोच मूस मोकळा सोडला तर जवळ बसतो.

मग ठिकाणावर जा, मागावरून नाही, मागाच्या कडेने. गुलाबी, फेसाळ रक्त: फुप्फुसे, जनावर जवळच आहे. गडद लाल: यकृत, आणखी थांबा. हिरवट-तपकिरी पाणी आणि चघळलेल्या फांद्यांचे तुकडे: पोट, तासन्‌तास थांबा. हाडाच्या कपच्या आणि लाल भडक रक्त जे लवकर कमी होते: पाय. शेवटच्या तीन खुणांत स्वतः माग काढू नका, तालीम दिलेला कुत्रा बोलवा. स्वीडनमध्ये जखमी झाल्यापासून दोन तासांच्या आत असा कुत्रा जागेवर आणता येण्याची सोय असणे कायद्यानेच बंधनकारक आहे. तेव्हा सकाळी निघण्याआधी कुत्रेवाल्याचा फोन क्रमांक खिशात असू द्या. सापडलेल्या प्रत्येक खुणेवर झाडाला फीत बांधा.

प्रश्न : गटातल्या एकाकडून जुनी माउझर एम/९६, ६.५×५५ ची स्वस्तात मिळते आहे. घ्यावी का? — एक वाचक, व्हेस्तेरोस

नळी चांगली असेल तर घ्या. बोल्ट काढून उजेडाकडे धरा: आटे धारदार दिसले पाहिजेत, खड्डे नकोत, आणि टोकाच्या गोल कडेला खरचटलेले नको. तेवढ्याने गोळ्या भरकटतात. दस्ता उतरवून खाली गंज पाहा. काडतूस बसायची जागा बंदूकसाजाकडून मापून घ्या, बोल्टचा क्रमांक रायफलीच्या क्रमांकाशी जुळत नसेल तर हे मोजमाप टाळूच नका. कारखान्याची काडतुसेच वापरा, नव्या रायफलींसाठी कोणी हाताने भरलेली जोरकस काडतुसे या जुन्या घडणीत घालू नका. मूळ सुरक्षा कळ बोल्टच्या मागे उभी येते, दुर्बीण लावली की ती अडते. ती आडवी करून घ्यावी लागते, तो खर्च किमतीत धरा.

प्रश्न : थंडीत बोल्ट जड होतो आणि दोनदा काडतूस उडालेच नाही. — एक वाचक, लुलेओ

तेल हेच कारण. उणे दहा-पंधराला साधे तेल मधासारखे होते, फटक्याची सुई संथ पडते, टिकलीवर नुसता ठसा उमटतो. बोल्ट सुटा करून सगळे तेल धुऊन काढा, कोरडा पुसा, कमी तापमानाचे तेल बोटाने पुसल्याएवढे लावा. नळीतले तेलही पहिल्या बाराआधी कोरड्या चिंधीने काढा, नाहीतर पहिली गोळी बाकीच्या गोळ्यांपासून दूर जाते, आणि शिकारीत बहुधा तीच एक असते. काडतूस उडाले नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून तीस सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा.

नळीच्या तोंडावर विजेच्या कामाच्या चिकटपट्टीचा एक पापुद्रा लावा. बर्फ आत जात नाही आणि गोळीच्या आधी हवेच्या दाबानेच ती फाटते. बर्फ किंवा चिखल आत गेलेल्या नळीतून बार काढला तर नळी फुगते किंवा फुटते. घरी आल्यावर रायफल पिशवीतून लगेच काढू नका. गारठलेल्या लोखंडावर आणि काचेवर घरातली वाफ जमते. पिशवीतच दोन-तीन तास राहू द्या, मग पुसून कपाटात.

प्रश्न : ऑन्टारिओत मूसचा टॅग, म्हणजे एक मूस मारण्याची परवानगी, मिळाला आहे. युरोपातली माहिती इथे चालेल का? — एक वाचक, मिसिसॉगा

गोळीबद्दलची सगळी चालेल. फरक अंतराचा आहे. तळ्याकाठी किंवा जंगलतोडीच्या मोकळ्या पट्ट्यात दीडशे-दोनशे मीटरवर जनावर दिसते, म्हणून .३०-०६ किंवा ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम, १६५ ते १८० ग्रेनच्या आसपासची बाँडेड किंवा तांब्याची गोळी. २०० मीटरवर स्वतःचा नेम परातीएवढ्या वर्तुळात राहतो का ते आधी पाहा. राहत नसेल तर जवळ जा. बंदुकीचा परवाना आणि शिकारीचे कार्ड ही वेगवेगळी प्रकरणे आहेत, दोन्ही बरोबर ठेवा. बंदुकीच्या हंगामात डोक्यावर नारिंगी टोपी आणि कमरेच्या वर सर्व बाजूंनी दिसणारा किमान ४०० चौरस इंच नारिंगी कपडा सक्तीचा आहे. मूस पाण्यात उभा असेल तर बार काढू नका: पाचशे किलोचा देह पाण्यातून दोन माणसांना ओढून काढता येत नाही.

प्रश्न : आजोबांची परवान्याची .३१५ रायफल घरात आहे. मुलगा स्वीडनला असतो, तिथे नेऊन मूस मारता येईल का? — एक वाचक, सातारा

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि ते योग्यच आहे, पण स्वीडनमध्ये परवाना घेऊन पाहुणाही शिकार करू शकतो. तरी ती रायफल नेऊ नका. भारतातून बाहेर काढायची आणि पुन्हा आत आणायची परवानगी, स्वीडनच्या पोलिसांचा आयात परवाना, विमान कंपनीची अट, एवढे करून तिथल्या दुकानात .३१५ चे काडतूस मिळणार नाही. खडकीच्या कारखान्याची काडतुसे नेलीत तर त्यांच्या डब्यावर १०० मीटरवरच्या जूलचा आकडा नसतो, आणि ‘क्लास १’ सिद्ध करायला तोच लागतो. मुलाच्या गटप्रमुखाला आधी विचारा, पाहुण्याला उसन्या रायफलीची सोय आणि तिचे नियम तो सांगेल. सरकारचे शिकार-कार्ड पाहुण्यालाही घ्यावे लागते, त्याचे वर्ष १ जुलैला सुरू होते. आजोबांच्या रायफलीला तेल देऊन परवान्याचे नूतनीकरण वेळेवर करा.